गोकुळसरांची दहा मिनिटं

"नावं घ्यायची न्हाईत, सर," श्रेया म्हणाली. "उभं राहायचं, बरणी उचलायची आन् सरळ मातीवर यायचं."

"अगदी कुणाचंच नाही?"

"कुणाचंच न्हाय. तुमी एकदा नावं घ्यायला लागला की तुमचं तुमालाच थांबता येत न्हाय. गॅदरिंगला काय झालं ते आठवा."

गॅदरिंगला काय झालं ते गोकुळसरांना चांगलं आठवत होतं. बक्षीस समारंभात ते दोन शब्द बोलायला उभे राहिले होते. मान्यवरांची नावं घेता घेता जेवणाची वेळ झाली आणि दोन शब्द राहूनच गेले. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही घेणार. शब्द दिला."

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच हे महाविद्यालय आहे. गोकुळसर तिथं रसायनशास्त्र शिकवायचे. माणूस अभ्यासू, सरळ, आणि भिडस्त तर इतका की एसटीत आपल्या आरक्षित जागेवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर हेच त्याची माफी मागून इंदापूरपर्यंत उभे राहायचे. पण या खेपेला न बोलून चालणार नव्हतं. पुण्याहून विद्यापीठाची एक समिती तालुक्यातालुक्यांत फिरत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत राज्याला काय लागणार आणि त्यासाठी विद्यापीठानं काय शिकवायला हवं, हे ती लोकांना विचारत होती. प्रश्न चांगलाच होता. आजवर तो पुण्यानं पुण्यालाच विचारला होता आणि उत्तरही पुण्यानंच दिलं होतं. या वेळी मात्र ज्या महाविद्यालयाचं म्हणणं समितीला पटेल, तिथं नवा अभ्यासक्रम सुरू होणार होता. एका महाविद्यालयाचा एकच वक्ता, आणि त्याला दहा मिनिटं.

गोकुळसरांकडे उत्तर कधीचं तयार होतं. पाटाच्या पाण्यानं हा मुलूख हिरवा केला यात वाद नाही. पण पाणी मुरत राहिलं, निचरा झाला नाही आणि जमिनीच्या पोटातलं मीठ हळूहळू वर आलं. पिंपळीला श्रेयाचे वडील महिपतराव यांच्या रानात एके काळी आत शिरलेला माणूस दिसायचा नाही असा ऊस होता. आता तिथं पांढरा थर फुटायचा आणि गवतसुद्धा नाराजीनंच उगवायचं. अशी रानं वाढत होती, आणि त्यांचं दुखणं नीट समजून घ्यायचं तर माती पिशवीत भरून लांब कुठंतरी पाठवावी लागायची. तिकडून उत्तर येईपर्यंत पुढचं पीकही हातचं गेलेलं असायचं. सरांचं म्हणणं साधं होतं. माती आणि पाण्याचं एम.एस्सी. इथं सुरू करा, प्रयोगशाळा इथं द्या, डॉक्टरनं रोग्याच्या गावात बसावं.

अभ्यासक्रम मिळाला तर पहिला प्रवेश श्रेयाचा, हे ठरलेलं होतं. ती शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीच्या दिवशी सरांबरोबर रानोरान हिंडून तिनं मातीचे नमुने गोळा केले होते. नाही मिळाला, तर बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायची नोकरी तिला लागलेलीच होती. डेअरीवाले समितीच्या निकालापर्यंत थांबायला तयार होते, त्यापुढं नाही.

"दूध तपासायला माझी ना न्हाय," ती म्हणायची. "पर दुधाला काय झालंय ते सांगायला लई जण हायेत. आमच्या रानाला काय झालंय ते सांगायला कुणीच न्हाय."

तिनं टेबलावर लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत पिंपळीच्या रानातली माती होती, वर पांढरी खारी साय धरलेली. दुसरीत बांधापलीकडची काळीभोर. दोन्ही शेजारी ठेवल्या की लहान पोरालाही फरक कळला असता. सरांनी दोन्ही बरण्या निरखल्या आणि आता समितीला नाही म्हणायला जागाच नाही, असं त्यांना वाटलं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. घोडं अडलं ते सत्कारापाशी.

प्राचार्य मानसिंगरावांनी सरांना खोलीत बोलावलं. "सर, समितीच्या स्वागताचं तुम्हीच बघा. तुमच्याइतका जबाबदार माणूस आपल्याकडं नाही."

'माझं भाषण आहे' असं म्हणायला गोकुळसरांनी तोंड उघडलं आणि "बरं" म्हणून मिटलं. त्यांचा हिशेब सरळ होता. समितीत माणसं तीन. तीन शाली, तीन नारळ, की लगेच भाषण.

"सत्कार आबांच्या हस्ते," प्राचार्य म्हणाले. आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सर्जेराव आबा.

"हो, ते आलंच."

"मग आबांचाही करावा लागेल."

"आबा तर घरचेच आहेत."

"घरच्यांचा आधी करावा लागतो, सर. परका एकदाच रुसतो आणि निघून जातो. घरचा रोज समोर येतो."

सरांना ते पटलं. पटायला नको होतं, पण पटलं. चार शाली झाल्या. ही बातमी आबांच्या कानावर गेली तेव्हा आबांना बरं वाटलं, आणि मग त्यांना काळजी वाटू लागली. त्यांनी सरांना फोन केला.

"सर, माझा करताय, चांगलं हाय. पर आधीच्या अध्यक्षांना वगळलं तर लोक काय म्हनतील? सर्जेरावनं मुद्दाम डावललं म्हनतील. त्यांचाबी घ्या."

"घेतो, आबा."

"आन् त्यांच्याबी आधीचे? अजून जित्ते हायेत."

"घेतो."

"ज्या गावची पोरं आपल्याकडं येत्यात, त्या गावच्या सरपंचांचं काय?"

"त्यांचंही घेऊ. पण आबा, पोरं न येणाऱ्या गावांचं तरी..."

"त्यांचं तर आधी घ्या. म्हंजी येतील."

गोकुळसरांनी धीर एकवटला. "आबा, वेळ कमी आहे. समितीची दुपारी एमआयडीसीत बैठक आहे. ते लोक थांबणार नाहीत."

"अवो सर, शाल टाकायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. त्याला असा किती येळ लागतोय? तुमच्या धा मिनिटाला कोन हात लावतंय?"

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. प्रत्येक फोनला सर "बरं" म्हणत गेले आणि मानकरी वाढत गेले. शाली मात्र आधी आणलेल्या तेवढ्याच होत्या. शेवटी सरांनी शास्त्रज्ञासारखा विचार केला. पाटाच्या पाण्याला आवर्तन असतं, पाळीपाळीनं ते रानोरान फिरतं, तसं शालींना लावलं. मानकरी डाव्या बाजूनं व्यासपीठावर चढायचा. शाल पांघरून, फोटो काढून, मागच्या पडद्याआड वळसा घालून आपल्या खुर्चीवर यायचा. पडद्याआड शिपाई ताईबाई उभ्या राहायच्या. त्यांनी "द्या, घडी करून ठिवते" म्हणून शाल काढून घ्यायची आणि आतल्या आत डाव्या बाजूला पोचवायची. योजना एकदम चोख होती. सरांना मनातून तिचा थोडा अभिमानही वाटला. पुढं त्यांना सगळ्यात जास्त पस्तावा झाला तो याच अभिमानाचा.

समिती वेळेवर आली. अध्यक्षा होत्या डॉ. संजीवनी मॅडम. बाई करारी होत्या, पण मनानं न्यायी होत्या. आल्या आल्याच त्यांनी विचारलं, "बोलणार कोण आहे?" गोकुळसर पुढं झाले. त्यांना काही सांगायची संधी मिळायच्या आत फेटे बांधणारे रामभाऊ मध्ये आले आणि त्यांनी मॅडमना खुर्चीत बसवलं.

"लवकर आटपा, रामभाऊ," सर हळूच म्हणाले.

"सर, फेटा म्हंजी टोपी न्हाय, डोक्यात घातली आन् झालं. डोकं बघावं लागतं. एकेकाचं एकेक तऱ्हेचं असतंय."

मॅडमच्या डोक्याला अंबाडा होता. असं डोकं रामभाऊंच्या वाट्याला क्वचितच यायचं. त्यांनी फेटा बांधला, लांबून पाहिला, सोडला आणि पुन्हा बांधला. मागं फेट्यासाठी माणसं ओळीत उभी होती आणि कुणीही 'मला राहू द्या' म्हणेना. म्हणणार तरी कसं? शेजारच्याला फेटा आणि आपल्याला नाही, हे गावात परत जाऊन सांगायचं कुणाला?

मग दीपप्रज्वलन झालं. उदबत्त्या पेटवल्या आणि लक्षात आलं की उदबत्तीचं घर आणायचं राहिलंय. सजावटीच्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं. टेबलावर मातीनं भरलेल्या दोन बरण्या त्याला दिसल्या. त्यानं दोन्हीत उदबत्त्या खोचल्या, दोन्हींना झेंडूची माळ घातली आणि नीट दिसाव्यात म्हणून पूजेला ठेवलेल्या प्रतिमेसमोर मांडल्या. पहिल्या रांगेत बसलेली श्रेया अर्धवट उठली. पण पूजा चालू असताना पुढं जाऊन उदबत्त्या उपटायच्या कशा, म्हणून पुन्हा बसली. पंख्याच्या वाऱ्यानं राख भराभरा झडत होती. थोड्याच वेळात काळीभोर मातीही पांढरी दिसू लागली, आणि कुठलं मीठ नि कुठली राख हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकालाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी बरण्यांना हात जोडले. "मातीचं पूजन," त्या म्हणाल्या. "मी कुठंच पाहिलं नव्हतं."

सत्कार सुरू झाले. सूत्रसंचालन मराठीच्या इंद्रजितसरांकडे होतं. त्यांनी प्रत्येक मानकऱ्यासाठी एकेक चारोळी रचून आणली होती आणि त्यातली एकही वाया जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. गोकुळसरांनी खालून घड्याळाकडे बोट दाखवलं. इंद्रजितसरांना वाटलं, सरांना काळावरची चारोळी हवी आहे. त्यांनी तीही म्हटली.

पडद्याआड ताईबाई इमानानं शाली फिरवत होत्या. पण सगळ्यांत जुने माजी अध्यक्ष तिथं आले आणि आवर्तन तुंबलं.

"द्या तात्या, घडी करून ठिवते."

"कशाला? मी काय म्हातारा झालो का? माझी मी करतो घडी."

"तसं न्हाय तात्या, पुढं लागतीया."

"पुढं लागतीया? म्हंजी सत्कार माझा आन् शाल दुसऱ्याची व्हय?"

तात्या शाल घट्ट आवळून निघून गेले. तिकडे एका गावचे सरपंच डाव्या बाजूला हार घालून उभे होते आणि शाल नव्हती. इंद्रजितसरांनी वेळ काढण्यासाठी चारोळी पुन्हा म्हटली. ताईबाईंनी पडद्यातून डोकावलं. मॅडमनी आपली शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती. ताईबाईंचा हात पडद्याबाहेर आला आणि शालीसह आत गेला. पुढच्याच क्षणी ती शाल सरपंचांच्या खांद्यावर विराजमान झाली.

मॅडमनी आपली शाल ओळखली. त्या वळल्या, पडद्याच्या फटीतून त्यांनी मागचा सगळा कारभार पाहिला. पण मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि एक शाल डावीकडून निघून पुन्हा डावीकडे येईपर्यंत तिच्यावर नजर ठेवली.

"हे नियोजन कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गोकुळसरांचं," प्राचार्य छाती फुगवून म्हणाले.

मॅडमनी शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यानं मान डोलावली. गोकुळसरांना वाटलं, बरं झालं, निदान आपलं नाव तरी त्यांच्या लक्षात राहील. माणसाला कधी कधी नको त्या गोष्टीनं बरं वाटतं.

शेवटचा नारळ गेला तेव्हा मॅडमचा ड्रायव्हर दारात येऊन उभा होता. प्राचार्य आभाराला उठायला लागले. मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं.

"नाही. सरांची दहा मिनिटं त्यांना मिळणार. आम्ही त्यासाठीच आलो आहोत. बोला, सर."

म्हणजे कुणी वेळ खाल्ला, कुणी संधी नाकारली, असं म्हणायलाही जागा राहिली नाही. दहाच्या दहा मिनिटं गोकुळसरांच्या हातात होती. ते माइकपाशी गेले. त्यांनी श्रेयाकडे पाहिलं. तिनं दोन्ही मुठी आवळून मांडीवर ठेवल्या होत्या. सरांनी राखेनं माखलेली बरणी उचलली आणि व्यासपीठाकडे नजर टाकली.

ती टाकायला नको होती. व्यासपीठावर सगळे मानकरी फेटे बांधून बसले होते. आबा मधोमध होते आणि वाट पाहत होते. सरांना म्हणायचं होतं, 'माती'. जिभेवर शब्द आलाही होता.

"आदरणीय व्यासपीठ," सर म्हणाले.

इथंही थांबता आलं असतं. व्यासपीठ म्हटलं की सगळे आलेच. पण आबांनी घसा खाकरला.

"संस्थेचे अध्यक्ष, आम्हां सर्वांचे आधारवड, माननीय सर्जेराव आबा," सर म्हणाले. आबांचं घेतलं म्हटल्यावर माजी अध्यक्षांचं घेणं आलं. एका माजींचं घेतल्यावर दुसऱ्या माजींना कसं सोडायचं? ते तर शाल छातीशी धरून पुढं सरकून बसले होते. मग सरपंच आले. फेट्यांनी सगळे सरपंच सारखेच दिसत होते. सरांनी एका गावच्या सरपंचांना दुसऱ्याच गावचे केले. ते उभे राहून म्हणाले, "मी तो न्हवं." नाव दुरुस्त केलं तर क्रम चुकत होता, आणि क्रम चुकला तर ज्याचं मागं गेलं त्याचा अपमान होत होता. तेव्हा सर म्हणाले, "क्षमस्व," आणि पुन्हा आबांपासून सुरुवात केली.

श्रेयानं मुठी सोडल्या आणि कपाळाला हात लावला.

या वेळी एकही नाव चुकलं नाही. शेवटच्या सरपंचांचं नाव घेऊन सरांनी सुटकेचा श्वास सोडला, बरणी उंच धरली आणि म्हणाले, "तर ही जी माती आहे..."

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. "माफ करा, सर. तिकडे लोक खोळंबलेत. तुम्ही फार आपुलकीनं बोललात."

सरांनी धावत जाऊन निदान लेखी निवेदनाची फाईल तरी गाडीत दिली. ती नारळांच्या पिशवीत पडली. पिशवी ड्रायव्हरनं पायाशी ठेवली, आणि नारळ पुढं जिथं गेले तिथंच ती फाईलही गेली असावी.

मांडवात मागच्या रांगेत महिपतराव बसले होते. त्यांनी टोपी झटकली आणि ते उठले.

"नमनालाच घडाभर तेल गेलं, सर," ते म्हणाले. "दिव्याला काय उरलंच न्हाय." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

श्रेया बरण्यांतल्या उदबत्तीच्या काड्या काढत होती. सर तिच्यापाशी गेले. "माझं चुकलं, श्रेया."

"'माती' येवढं जरी पैल्यांदा म्हनला असता ना, सर, तर पुढचं आपसूक आलं असतं." तिनं काळ्या मातीवरची राख फुंकून पाहिली. ती जाईना. "जाऊ द्या. निकाल तर लागू दे."

त्या संध्याकाळी बारामतीला परतताना पिंपळीपाशी सरांनी मोटारसायकल थांबवली. महिपतरावांचं रान मावळतीच्या उजेडात पांढरं दिसत होतं. वर्षानुवर्षं ज्यासाठी वणवण केली, ते सांगायला दहा मिनिटं मिळाली होती आणि आपण ती सरपंचांना वाटून टाकली, हे त्यांना तिथं उभं राहून नीट उमगलं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत.

निकाल लागला तेव्हा प्राचार्य पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले.

"सर, तोंड गोड करा. आपल्याला मिळाला."

गोकुळसरांना पेढा घ्यायचंही सुचलं नाही. त्यांनी आधी श्रेयाला फोन लावला. फोन वाजत असताना प्राचार्य पुढचं सांगत होते.

"समिती आपल्यावर फार खूश आहे. असं नियोजन म्हणे अख्ख्या दौऱ्यात दिसलं नाही. कमी साधनांचा फेरवापर काय, मातीपूजन काय. समारंभ व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम मंजूर केलाय आपल्याला. या भागाची अंगभूत क्षमता आणि राज्याची भावी गरज, असं लिहिलंय. समन्वयक म्हणून तुमचंच नाव सुचवलंय मॅडमनी."

"आणि माती?"

"मातीचं काही आलंच नव्हतं म्हणे त्यांच्यासमोर."

"हॅलो," फोनमधून श्रेया म्हणत होती. "सर? मिळाला का?"

सर खिडकीकडे वळले. "मिळाला," ते म्हणाले. "पण आपला नाही."

पलीकडून ती म्हणाली, "बरं. डेअरीवाल्यांना कळवते, येते म्हनून."

खरं सांगायचं तर समितीचंही फार चुकलं नव्हतं. राज्याला पुढं काय लागेल असं तिनं विचारलं, आणि ज्याचं मनुष्यबळ इथं भरघोस दिसलं तेच तिनं दिलं. या राज्यात पंचवीस वर्षांनी ऊस असेल की नसेल, पाणी असेल की नसेल, सत्कार मात्र नक्की असणार. प्रवेशाला झुंबड उडाली. रामभाऊंना फेट्याच्या प्रात्यक्षिकासाठी पाहुणे अध्यापक नेमलं आणि ताईबाईंचं पडद्यामागचं व्याख्यान ठेवलं. गोकुळसर रोज सही करायचे आणि रोज त्यांना वाटायचं, ही सही दुसऱ्याच कुणाची तरी आहे.

अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला मॅडम पुन्हा आल्या. मांडव तोच, मानकरी तेच. मातीपूजन आता कार्यक्रमाचा कायमचा भाग झालं होतं. श्रेयाच्या बरण्या झेंडूत बुडाल्या होत्या आणि त्यांत उदबत्त्या जळत होत्या. श्रेयाही आली होती. तिची दुपारची पाळी होती. डेअरीचा पांढरा कोट पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती.

समन्वयकांनी चार शब्द बोलावेत, असं इंद्रजितसरांनी पुकारलं. गोकुळसर उठले. या वेळी त्यांनी व्यासपीठाकडे पाठ केली आणि थेट दाराकडे पाहिलं.

"माती," ते म्हणाले.

काहींना वाटलं, सर भाषण विसरले. पण पुढचं आपसूक आलं, श्रेया म्हणाली होती तसंच. त्यांनी बरणीतल्या उदबत्त्या काढून बाजूला ठेवल्या. वरची राख पेल्यात काढली. खालची खारी माती तळहातावर घेऊन दाखवली. ही कुणाच्या रानातली, तिथं आधी काय पिकायचं, आता काय पिकत नाही, आणि मीठ कसं वर येतं हे सांगितलं. आपण पोरांना शिकवून शहरात पाठवतो आणि मागं आजारी जमीन ठेवतो, तिला बघायला कुणी शिकलेलं उरत नाही, असं ते म्हणाले. कुठं आवाज चढला नाही, की चारोळी लागली नाही. दहा मिनिटं पुरून उरली.

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण कुठं वाजवायच्या ते कुणाला कळलं नाही. मागच्या बाजूला महिपतराव मात्र टोपी हातात घेऊन उभे राहिले होते.

सर खाली बसले तेव्हा मॅडम त्यांच्याकडे झुकल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे त्या दिवशी का नाही बोललात, सर? त्या दिवशी माझ्या हातात होतं. मी तुम्हाला वेळही दिला होता."

"दिला होता," सर म्हणाले.

"आता विद्यापीठाचा नव्या अभ्यासक्रमांचा आराखडा बंद झाला. पुढचा पाच वर्षांनी."

त्यांचं बोलणं संपतंय तोवर दुसऱ्या बाजूनं आबा वाकले. ते दुखावले होते. "सर, माझं नाव घेतलं न्हाय त्याचं सोडा. मी घरचा. पर ह्या बाकीच्या लोकांनी काय पाप केलंय? निघाल्यात समदी. आता आभार तुमीच माना. एकूणएक नाव आलं पायजेल."

"बरं," सर म्हणाले.

ते पुन्हा माइकपाशी गेले आणि त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. आबा आले, माजी आले, त्यांच्या आधीचे माजी आले, सगळे सरपंच आपापल्या गावांसकट आले. क्रम चुकला नाही. रुसून निघालेले दारातून परत फिरले आणि खुर्च्यांवर टेकले. मांडवात पुन्हा आनंदीआनंद झाला.

शेवटचं वाक्य उरलं होतं. आभाराच्या शेवटी सगळे म्हणतात तेच.

"आणि नजरचुकीनं कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल," गोकुळसर म्हणाले, "तर त्यांनी मोठ्या मनानं..."

दाराजवळ श्रेया उठली होती. पाळीची वेळ झाली होती. तिनं पिशवी खांद्याला लावली, सरांकडे पाहिलं आणि राहू द्या म्हणावं तसा हात केला. मग ती निघून गेली.

सरांचं वाक्य तिथंच राहिलं. मांडवातले सगळे वाट पाहत होते. इंद्रजितसरांना वाटलं, माइक गेला. ते लगबगीनं पुढं आले आणि त्यांनी माइकवर दोनदा टिचकी मारली.

"हॅलो, हॅलो," ते म्हणाले.

माइक चालू होता.